घर देणे आणि घर सांभाळणे

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात बी विंगमधील एका ज्येष्ठ सभासद भगिनींनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला पंधरा-वीस मिनिटे बोलायला सांगितले आहे. विषय तुमच्या आवडीचा घ्या, असे सेक्रेटरी म्हणाले, आणि जाता जाता जेवण साडेबाराला आहे, हेही म्हणाले. तेव्हा घड्याळ समोर ठेवूनच बोलते.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे, मी तीस वर्षे सवलतीच्या भाड्याने दिलेल्या सरकारी घरांच्या कामात काढली. भाडेवसुलीची कारकून म्हणून लागले आणि मिळकत व्यवस्थापक म्हणून निवृत्त झाले. तुम्ही म्हणाल, आपण सगळे मालक, आपल्याला भाडेकरूंच्या घरांचे काय? पण जरा आजूबाजूला बघा. आपल्याच चार विंगमधले किती फ्लॅट आज भाड्याने दिलेले आहेत? अंबाडीपासून भिवंडीपर्यंतच्या गोदामांत काम करणारी मुले आपल्या जिन्यातून रोज चढतात-उतरतात. आणि आपले वज्रेश्वरी तर पूर्वीपासून लोकांना खोली देणारे गाव. देवीच्या दर्शनाला, अकलोली-गणेशपुरीच्या कुंडांवर येणारा माणूस धर्मशाळेत उतरायचा. खोली कोणाच्या मालकीची, हे तो विचारत नसे. खोल्या बघतो कोण, हे विचारत असे. बघणारा चांगला असेल तर पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच येई.

माझे आजचे सगळे बोलणे त्या ‘बघणाऱ्या’ माणसाविषयी आहे.

सरकारने गरिबांसाठी भाड्याची घरे बांधावीत, ही कल्पना आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे. 1896 च्या प्लेगनंतर मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, त्याच्या बी.आय.टी. चाळी उभ्या राहिल्या. पुढे 1920 साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट आले आणि वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी इथे 207 बी.डी.डी. चाळी झाल्या. एकेक खोली 160 चौरस फुटांची, संडास सामाईक. आता गंमत ऐका. 2008 साली एम.एम.आर.डी.ए.ने आपल्या महानगर प्रदेशासाठी भाडेतत्त्वावरील घरांची योजना आणली. विकासकाला जादा चटईक्षेत्र द्यायचे आणि बदल्यात त्याच्याकडून भाड्याने देण्यासाठी तयार घरे घ्यायची. त्या घराचे माप किती ठरले? 160 चौरस फूट. फरक इतकाच की संडास आत आला. पुढे यातली बरीच घरे धोकादायक इमारतींतून हलवलेल्या आणि प्रकल्पांमुळे विस्थापित झालेल्या कुटुंबांच्या उपयोगी पडली.

2020 साली टाळेबंदीत मजूर पायी गावाकडे निघालेले आपण भिवंडी बायपासवर डोळ्यांनी पाहिले. त्याच वर्षी केंद्र सरकारने परवडणाऱ्या भाड्याच्या गृहसंकुलांची योजना आणली. सरकारी पैशाने बांधून रिकामी पडलेली घरे दुरुस्त करून 25 वर्षे भाड्याने चालवायची, हा तिचा एक भाग. 2025 मध्ये महाराष्ट्राचे नवे गृहनिर्माण धोरण आले. 2030 पर्यंत 35 लाख घरे, असे त्यात उद्दिष्ट आहे. नोकरदार महिला, विद्यार्थी, औद्योगिक कामगार यांच्यासाठी भाड्याच्या घरांचाही त्यात विचार आहे. चांगली गोष्ट आहे. पण मंडळी, घर बांधायला दोन-तीन वर्षे लागतात आणि सांभाळायला पन्नास. या पन्नास वर्षांचे काम कोण करणार, त्याला ते कोण शिकवणार, हे कुठल्याच भूमिपूजनाच्या भाषणात मी ऐकले नाही.

एक प्रसंग सांगते. गाव आणि वसाहत सांगत नाही. बदली होऊन मी तिथे गेले तेव्हा टेबलावर थकबाकीदारांची यादी होती. त्यात एक विधवा बाई. नवरा यंत्रमागावर होता, तो गेलेला. दोन मुले. गाळा क्रमांक 17, थकबाकी बावीस महिन्यांची, गाळा खाली करण्याची नोटीस तयार, फक्त सही व्हायची होती. बाईंना बोलावले. त्या आल्या त्या काखेत पत्र्याचा डबा घेऊन. डब्यात पावत्या. एकेक पावती खतावणीशी ताडून पाहिली, तेव्हा कळले की बावीसपैकी एकोणीस महिन्यांचे भाडे भरलेले होते. 17 चे पैसे 71 च्या पानावर जमा होत होते. तो 71 वाला बिचारा दोन वर्षे आगाऊ भाडे भरणारा आदर्श गाळेधारक म्हणून नोंदीत मिरवत होता! उरलेले तीन महिने बाईंचा नवरा आजारी होता तेव्हाचे. ते त्यांनी हप्त्याने भरले. घर राहिले.

आधीचा कारकून लबाड नव्हता. तो दुसऱ्या खात्यातून आलेला. खतावणी कशी लिहायची, महिनाअखेरीस जमा रक्कम आणि पावतीपुस्तक कसे जुळवायचे, हे त्याला कोणी दाखवलेच नव्हते. एका दुपारी शिकवता आले असते असे ते काम. न शिकवल्यामुळे एका घराची चूल रस्त्यावर येणार होती. मला ते येत होते, कारण माझ्या पहिल्या टेबलावर एक जुने हेडक्लार्क होते. त्यांनी मला शेजारी बसवून शिकवले. “पोरी, भाडे पहिल्या महिन्याला चुकले की त्याच महिन्यात दार वाजव. बाराव्या महिन्यात नोटीस पाठवायला अक्कल लागत नाही,” असे ते म्हणायचे. मला ते भेटले हे माझे नशीब. पण गाळेधारकाचे छप्पर कारकुनाच्या नशिबावर टांगून ठेवायचे का?

आता एक तुलना करून बघा. आज महाराष्ट्रात घर विकणाऱ्या एजंटला महारेराचे प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास व्हावी लागते. 2023 पासून हा नियम आहे. दारावर उभ्या राहणाऱ्या सुरक्षारक्षकाला प्रशिक्षण द्यावे, असे 2005 चा खासगी सुरक्षा एजन्सींचा कायदा सांगतो. म्हणजे घर विकणारा शिकलेला हवा, घराच्या दारात उभा राहणारा शिकलेला हवा. आणि त्या घरात राहणाऱ्या पाचशे कुटुंबांचे भाडे, पाणी, गळती, वारस नोंद, भांडणे हे सगळे तीस वर्षे बघणाऱ्याला मात्र आज या टेबलावर, उद्या त्या टेबलावर. माझ्या सगळ्या नोकरीत या कामाची परीक्षा द्या, असे मला कोणी म्हटले नाही.

हे काम शिकवता येते, हे जगाला प्रथम दाखवले एका बाईने. लंडनमध्ये 1865 साली ऑक्टेव्हिया हिल यांनी मॅरिलबोन भागातली अगदी मोडकळीला आलेली तीन घरे चालवायला घेतली. पैसे गुंतवले प्रसिद्ध लेखक जॉन रस्किन यांनी. पद्धत साधी होती. दर आठवड्याला स्वतः दारात जाऊन भाडे घ्यायचे, त्याच फेरीत घराची पाहणी करायची, दुरुस्ती लगेच करायची. दुरुस्तीसाठी वर्षाला ठरावीक रक्कम बाजूला काढायची आणि त्यातले उरतील ते पैसे भाडेकरूंना हव्या असलेल्या सोयीवर खर्च करायचे. बाई कडक होत्या. भाडे थकवणाऱ्याची गय करत नसत, आणि त्यावरून त्यांच्यावर टीकाही झाली. पण त्यांनी एक मोठे काम केले. हाताखाली बायकांना घेऊन त्यांना हा व्यवसाय शिकवला. त्या शिकलेल्या बायकांमधून पुढे इंग्लंडमध्ये गृहव्यवस्थापन हा रीतसर पेशा उभा राहिला.

त्याच इंग्लंडमध्ये 2017 साली ग्रेनफेल टॉवर या सार्वजनिक भाड्याच्या इमारतीला आग लागून 72 माणसे गेली. राहणारे लोक आधीपासून धोक्याच्या तक्रारी करत होते. 2020 मध्ये रॉचडेल गावात दोन वर्षांचे एक मूल गेले. भाड्याच्या घरातल्या भिंतींवरची बुरशी त्याला कारण झाली, असे चौकशीत निघाले. त्याच्याही घरच्यांनी तक्रार केली होती. मग 2023 मध्ये कायदा झाला, की अशी घरे चालवणाऱ्या वरिष्ठ व्यवस्थापकांकडे त्या कामाची ठरलेली पात्रता असलीच पाहिजे. दीडशे वर्षांची परंपरा असलेल्या देशालाही हे कायद्याने सांगावे लागले. आपल्याकडे तर तानसेच्या खोऱ्यातला पाऊस आहे. जुलै-ऑगस्टात भिंतीला ओल येते, काळे डाग पडतात, आणि आपण म्हणतो, “पावसाळा आहे, चालायचंच.” शिकलेला माणूस असे म्हणत नाही. तो विचारतो, ओल वरच्या न्हाणीघरातून येते की बाहेरच्या भिंतीतून? घरात लहान मूल, दम्याचा माणूस आहे का?

आणि हे फार लांबचे उदाहरण वाटत असेल तर आपल्या भिवंडीचे घ्या. 21 सप्टेंबर 2020 ला पहाटे जिलानी इमारत कोसळली. तीसहून अधिक माणसे झोपेतच गेली, त्यांत कितीतरी मुले होती. भिवंडीत अशा इमारतींत कोण राहते? यंत्रमागावर, गोदामात राबणारी, बहुतेक भाड्याने राहणारी कुटुंबे. तडा वाचायला इंजिनिअर लागतो हे खरे. पण तडा दिसला की इंजिनिअरला बोलवायचे, तारीख घालून लिहून ठेवायचे, वर कळवायचे, हे रोज त्या जिन्यावरून जाणाऱ्या माणसाला शिकवता येते. आपल्या आदर्श उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण दर पाच वर्षांनी आणि 30 वर्षांपुढच्या इमारतीचे दर तीन वर्षांनी करायचे असते. आपण आज पंचविशीत आहोत. केक कापताना एवढे लक्षात ठेवू या.

मग हा माणूस शिकणार काय? माझ्या अनुभवाने चार गोष्टी.

पहिली, हिशेब. घेतलेल्या प्रत्येक रुपयाची पावती, आणि थकबाकीची पहिल्याच महिन्यात चौकशी. भाडे घेतले की पावती देणे, हे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात बंधनकारक आहे. हा कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला, म्हणजे आपल्या संस्थेच्याच वयाचा.

दुसरी, दुरुस्ती. कोणती दुरुस्ती राहणाऱ्याची, कोणती मालकाची, कोणती आज करायची आणि कोणती थांबू शकते. टाकी कधी धुतली, पंप कधी उघडला, याची वही. उंच इमारतींना अग्निसुरक्षेचा 2006 चा कायदा लागतो. तिथे दर जानेवारी आणि जुलै महिन्यात यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून घ्यायचे असते. पाण्याचा नळ उघडला आणि आत पाणीच नाही, हे आगीच्या दिवशी कळून उपयोग नाही.

तिसरी, कायदा. भाडे थकले म्हणून पाणी-वीज तोडता येत नाही. आपल्यातल्या काही मालकांनीही हे ऐकून ठेवावे. भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. सरकारच्या किंवा पालिकेच्या मालकीच्या घरांना हा भाडे कायदा लागू होत नाही, तिथले नियम वेगळे. कुठे कोणता कायदा लागतो हे न कळणारा व्यवस्थापक एक तर उगाच दम देतो, नाही तर उगाच घाबरतो.

चौथी गोष्ट बोलण्याची. नवरा गेलेल्या बाईला वारस नोंदीची कागदपत्रे कशी सांगायची. दारू पिऊन आलेल्याशी जिन्यात काय बोलायचे आणि काय सकाळसाठी ठेवायचे. सवलतीच्या घरातल्या माणसाला ‘सरकारचं फुकट खातोय’ अशा नजरेने पाहायचे नाही. त्याला दुसरीकडे जायला जागा नसते, म्हणून तो आपले उद्धट बोलणेही ऐकून घेतो. हे ज्याला उमगले तोच या कामाला लायक. तुम्ही म्हणाल, हे का शिकवता येते? येते. नर्सला आपण शिकवतोच की.

आता शिकायचे कुठे? सगळे एका छपराखाली मिळेल असे नाही, पण दारे आहेत. सहकार खाते दरवर्षी, साधारण मे महिन्यात, दोन परीक्षा घेते. एक सहकार व लेखा पदविका, म्हणजे आपण जिला जी.डी.सी. अँड ए. म्हणतो ती. दुसरी खास सहकारी गृहनिर्माण व्यवस्थापनाची, सी.एच.एम. नावाची. जिल्हा गृहनिर्माण फेडरेशनचे वर्ग असतात. मुंबईच्या फेडरेशनचा हाउसिंग मॅनेजरचा अभ्यासक्रम आहे. 1918 साली सहकाराचे शिक्षण देण्यासाठी मुंबई प्रांतात जी संस्था निघाली, तीच आजचा पुण्याचा महाराष्ट्र राज्य सहकारी संघ. तोही प्रशिक्षण देतो. अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था 1926 पासून आहे, तिथे स्वच्छता निरीक्षकाचा अभ्यासक्रम आहे. पंप, नळ, वायरिंग यांसाठी आय.टी.आय. आहे. या शिक्षणात एक उणीव आहे. त्यात सभासदाचा, म्हणजे मालकाचा विचार जास्त, भाडेकरूचा कमी. भाड्याची सरकारी संकुले वाढणार असतील, तर माझी चौथी गोष्ट या अभ्यासक्रमांत यायला हवी. ती मागणी फेडरेशनकडे आपल्यासारख्या संस्थांनीच करायची.

आपणच का, म्हणून विचाराल. तर आपल्या सहकाराचे मूळच भाड्याच्या घरात आहे. 1915 साली मुंबईत गावदेवीला रावबहादूर श्रीपाद सुब्राव तलमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली, आपल्या देशातल्या अगदी पहिल्या संस्थांपैकी एक. इमारत संस्थेच्या मालकीची, आणि सभासद तिचे भाडेकरू. आपण आपल्याच संस्थेला भाडे द्यायचे! मध्यमवर्गी माणसाला परवडेल असे छप्पर मिळावे आणि घरमालकाची मर्जी सांभाळावी लागू नये, म्हणून शोधलेली ही वाट. कायद्याच्या पुस्तकात आजही अशा संस्थांना भाडेकरू सहभागीदारी संस्था म्हणतात. आज आपल्यातल्या काहींना ‘भाडेकरू’ शब्द उच्चारताना नाक मुरडावेसे वाटते, त्यांनी हा इतिहास वाचावा.

आता शेवटची गोष्ट, आणि ती पैशाची आहे, म्हणून नीट ऐका. 2013 साली सहकार कायद्यात कलम 24 अ आले. सभासद, पदाधिकारी आणि कर्मचारी या तिघांनाही शिक्षण-प्रशिक्षण द्यायचे, असे ते सांगते. कर्मचारी हा शब्द कलमातच आहे, मी घुसडलेला नाही. आदर्श उपविधींप्रमाणे त्यासाठी प्रत्येक सदनिकेमागे महिन्याला दहा रुपये घेतले जातात. आपल्या बिलात खालून तिसरी ओळ बघा, ‘शिक्षण व प्रशिक्षण निधी’. आपले 64 फ्लॅट. वर्षाला 7,680 रुपये झाले. दहा वर्षांत पाऊण लाखाच्या वर. ही आपण भरलेली फी आहे. मुलाची फी भरून त्याला वर्गात न पाठवणारे आईबाप आपण पाहिलेत का? आपण मात्र तेच करतो आहोत.

म्हणून येत्या सर्वसाधारण सभेपुढे मी तीन सूचना लेखी देणार आहे. एक, आपले हिशेब लिहिणाऱ्या ताईंना सी.एच.एम. परीक्षेला बसवावे. फॉर्मची फी, पुस्तके आणि अभ्यासाची रजा संस्थेने द्यावी. दोन, आपले वॉचमन मामा आणि पंप बघणारा मुलगा यांना आग विझवणे, प्रथमोपचार आणि पंप-नळाचे प्रशिक्षण द्यावे. त्या दिवसांचा पगार कापू नये. तीन, आपल्या संस्थेतल्या किंवा गावातल्या एका मुलीला वा मुलाला दरवर्षी या कामाच्या अभ्यासक्रमाला पाठवावे. भाड्याची संकुले उभी राहणार असतील तर तिथे व्यवस्थापक लागणारच. ती माणसे आपल्या तालुक्यातून का जाऊ नयेत? गोदामात पेट्या उचलण्यापलीकडचे एक काम आपल्या मुलांना मिळेल. आणि त्या संकुलात कुणाचे भाडे 71 च्या पानावर जमा होऊ लागले, तर ते पहिल्याच महिनाअखेरीला कुणाच्या तरी नजरेला पडेल.

ठरावाला सूचक मी आहे. अनुमोदक हवा आहे. जेवणाच्या पंगतीत कोणीही येऊन नाव सांगावे. साडेबाराला पाच मिनिटे कमी आहेत, मी शब्द पाळला.